आठ बिऱ्हाडं, एक जनरेटर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धड धड धड – धड! चटईच्या भिंतीपलीकडे शेजारच्या वर्गाचा मास्तर ओयेवुसी मेज बडवायचा आणि अलीकडे माझी बेचाळीस पोरं त्या ठेक्यावर कविता म्हणायची. 'नदी म्हणे दगडाला, सरक गड्या थोडा...' दोन वर्ग, ताल एक. हेडमास्तर वैतागायचे. पन्नास वर्षं होत आली. आज दाढी करताना तोच आवाज कानात आला आणि हात थांबला.

ओयेवुसी आता अॅबर्डीनला, स्कॉटलंडात मुलीकडे. पक्षाघातानंतर वाचा गेली, उजवा हातही. फोन केला तर नुसता श्वास ऐकू येतो. तो श्वास ऐकून मीच फोन ठेवतो – घाबरतो! पण आज त्याच्या मुलीचं, रोंकेचं पत्र आलं. "काका, बाबा डाव्या हाताने कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला शिकलेत. खेळ आहे तो. दोघांना एकाच रस्त्यावरून जाता येतं. तुम्ही याल?"

मी! एक्काहत्तराव्या वर्षी! आणि माझा कॉम्प्युटर म्हणजे कुठल्याशा परदेशी कचेरीने टाकलेला, कंटेनरमधून इकडे नायजेरियात, इबादानला आलेला स्वस्तातला माल. जुन्या कविता आठवून उतरवायला ठीक. खेळ सुरू केला तर अर्धा ट्रक दिसला आणि सगळं गोठलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाजारात अल्हाजा मुतियातच्या दुकानी गेलो. जुने सुटे भाग विकते. जीभ तिची ब्लेडसारखी.

"कुणासाठी हवंय, टिशा? नातवासाठी?"

शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तरी सगळे मला टिशाच म्हणतात – मास्तर.

"माझ्यासाठी."

तिने चष्मा कपाळावर ढकलला. "अरे देवा! आणि मी समजत होते, या शहरात माझाच नवरा काय तो वाया गेलाय."

मग मात्र मन लावून सगळं काढून दिलं. मेमरीच्या दोन पट्ट्या. जुन्या डिस्कच्या जागी नवी, वेगवान. ग्राफिक्स कार्ड – वापरलेलं, पण तिने हमी दिलेलं. "आणि वीजपुरवठ्याचा हा डबाही बदला. जुन्या डब्याला हे कार्ड झेपायचं नाही. खादाड आहे. घरी वीज कशी आहे?"

"चांगली आहे," म्हणालो.

का बोललो असं? सरकारी वीज येते कधी, जाते कधी. संध्याकाळी सात ते दहा अंगणातला जनरेटर. त्यावर आठ बिऱ्हाडं. दर खोलीला एक दिवा, एक पंखा, एक टीव्ही – भिंतीवर लाल रंगात लिहिलंय. इस्त्री नाही, किटली नाही, शेगडी नाही.

पण माझ्याकडे टीव्ही नाही! माझ्या वाटणीच्या टीव्हीच्या जागी हे चालेल. बेरीज बरोबर आहे की नाही?

शनिवार, ८ फेब्रुवारी

कॉम्प्युटरचा डबा स्वतः उघडला. आत हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची सगळी धूळ, वर एक मेलेली पाल. अल्हाजाने बजावलं होतं, "आधी उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली वीज उतरू द्या, नाहीतर बोटाच्या टोकाने सगळं जाळाल." मी दर दोन मिनिटांनी पत्र्याला हात लावत होतो, चर्चमध्ये क्रुसाला लावावा तसा! प्रोसेसरच्या चौकोनावरचा, तो थंड ठेवणारा लेप सुकला होता, तो पुसून नवा लावला, वाटाण्याएवढा. कार्ड बसेना. दाबलं. 'कट्' असं वाजलं. संपलं, मोडलं – खाली बसलो. मोडलं नव्हतं, बसलं होतं.

दुपारी वीज आली तेव्हा बटण दाबलं. डब्यातल्या पंख्याने असा आवाज केला की मी मागे सरकलो. मग पडद्यावर पाऊस. काचेवरून ओघळणारा, एकेक थेंब वेगळा!

सोमवार, १० फेब्रुवारी

भेटलो!

साडेसातची वेळ ठरली होती. ओल्या, अनोळखी रस्त्यावर निळा ट्रक दिवे लावून उभा. मी जवळ गेलो. त्याने हॉर्न दिला – पोंऽ पों. मी दिला. एवढंच. आणि निघालो, तो पुढे, मी मागे. वळणावर माझ्यासाठी हळू होत होता. तोच तो, सहलीला पोरांच्या रांगेपुढे चालताना दर दहा पावलांनी मागे बघणारा!

आणि – खट्. अंधार. जनरेटर बसला.

वरच्या गॅलरीतून मालकीणबाईंचा आवाज आला. मालक कडुनाला गेलेत धंद्यासाठी, तेव्हापासून त्यांचा आवाज दुप्पट झालाय. "कोण इस्त्री लावतंय? कुणाला माझं घर जाळायचंय?"

मी चाचपडत कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज पुन्हा. वीस मिनिटांत खट्!

अंगणात सगळे जमले. लासीसी न्हावी मला म्हणाला, "टिशा, तुमच्या खोलीतून काल विमान उडत होतं की काय?" सगळे हसले. मीही हसलो. घाम पाठीवरून पार कमरेपर्यंत.

मालकीणबाईंनी मात्र शिंपीण सिफावूकडे बोट केलं. "लग्नाचे साठ जोड शिवायला घेतलेत हिने. घड्या बघा, कशा कडक!"

"मी कोळशाची इस्त्री वापरते, मा. जिन्याखाली पोतं आहे, बघा."

"पोतं दाखवायला, वीज वापरायला. शनिवारपर्यंत खोली रिकामी कर."

सिफावू विधवा. दोन मुली. अकरा वर्षं माझ्या भिंतीपलीकडे तिचं मशीन टकटकतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज कॉम्प्युटर लावलाच नाही. म्हटलं, आपोआप निवळेल.

जनरेटर तीन तास सुरळीत चालला. मालकीणबाई गॅलरीतून, "बघितलंत? घाबरली, तशी थांबली. हाच पुरावा!"

म्हणजे मी खेळलो तरी ती दोषी, नाही खेळलो तरी तीच! ताटातला अमाला, कंदाच्या पिठाचा गोळा, गिळवेना.

रोंकेने लिहिलंय, "काका, बाबा सव्वा तास रस्त्याच्या कडेला दिवे लावून थांबले होते. मी उठवलं तर हात झटकतात."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लाज वाटते लिहायला. सिफावू कपडे पोचवायला ओयोला गेली, उद्या येणार. मी ठरवलं, ती नसताना आपणच जनरेटर बंद पाडायचा. मग कुणी तिला बोलणार नाही, आणि मला बोलावंही लागणार नाही. साडेसातला ओयेवुसीच्या मागे निघालो. रस्त्याकडे लक्ष नव्हतं. खट् होण्याची वाट बघत होतो.

झालं. मी अंगणात जाऊन म्हणालोसुद्धा, "सिफावू तर इथे नाही!"

"इस्त्री चालू ठेवून गेली असेल," मालकीणबाई म्हणाल्या आणि कुलूप तोडायला लावलं.

खाटेखाली विजेची इस्त्री सापडली. खोक्यात. नवऱ्याने मरायच्या वर्षी आणलेली.

"खोक्याची दोरीसुद्धा सुटलेली नाही," लासीसी म्हणाला.

"दोरी परत बांधता येत नाही वाटतं?"

कुलूप तोडलं गेलं ते माझ्या चातुर्याने.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सिफावू परतली. ओरडली नाही. सामान बांधू लागली. मी गेलो, गाठोड्याची दोरी धरली. ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो, टिशा. या घरातले तुम्ही एकटेच मदतीला आलात."

मी दोरी धरून उभा. आयुष्यभर पोरांना सांगितलं – उभं राहा, छाती पुढे, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सांगितलं.

हातगाडी फाटकाशी लागली होती. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नव्हता. "इस्त्री नाही. मी. माझ्या कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड घातलंय. मी खेळतो."

"काय खेळता?"

"ट्रक."

लासीसी पोट धरून खाली बसला. "ट्रक! अहो टिशा, तुम्हाला सायकल येत नाही!"

सगळे हसले. सिफावू हसली नाही. "तुम्ही दोरी धरलीत," म्हणाली. एवढंच म्हणाली. गाठोडी आत नेली, मी एक उचलायला गेलो तर माझ्या हातातून काढून घेतलं.

मालकीणबाई पेटतील असं वाटलं होतं. उलट त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "टिशांनी कबूल केलं, विषय संपला. सिफावू, राहा तू." आणि घाईघाईने वर गेल्या. इतकी माया मला अपेक्षित नव्हती.

रविवार, १६ फेब्रुवारी

चर्चहून आल्यावर कार्ड काढलं. रोंकेला कळवलं, आता जमणार नाही. 'म्हातारपण' असं कारण लिहिलं.

भिंतीपलीकडचं मशीन मी खोकलो की थांबतं. मग पुन्हा सुरू होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सव्वासातला जनरेटर बसला.

कार्ड माझ्या टेबलावर, वर्तमानपत्रावर. कॉम्प्युटरची वायर भिंतीतसुद्धा नाही. अंगणातून ओरड – "टिशा! पुन्हा?" मी उत्तर द्यायला उठलो, तर मागच्या दारावर थाप. मालकीणबाई! भाडेकरूच्या उंबऱ्याला कधी पाय न लावणाऱ्या. अनवाणी. हातात पुठ्ठ्याचा तुकडा.

"ते कडुनाला गेलेले नाहीत, टिशा. वर आहेत. दोन आठवडे झाले, नाकाला नळी आहे. श्वासाचं मशीन. आजपासून ते दुप्पट जोरावर लावावं लागतंय. वीज जाते तेव्हा मी या पुठ्ठ्याने वारा घालत बसते. दिरांना कळलं तर यांचा जीव जायच्या आधीच घर वाटून घेतील." त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फ. "आजही सांगा ना – तुम्हीच होतात."