खोकला तेवढा ठेवला

॥ श्री शितळादेवी प्रसन्न ॥

सालवड, बोईसर
मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

चि. ललित यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशालीचं खरं काय ते पुढे कळेलच. तुझं, हेमांगीचं आणि पानवेलींचं बरं चाललं असेल अशी आशा करते. (हेमांगीला सांग, लोणचं संपलं असेल तर बरणी परत पाठव. रिकामी चालेल.) हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे, तेव्हा कडेला दुधाचं काही दिसलं तर तिकडे लक्ष देऊ नको. एकच विनंती आहे. पत्र शेवटपर्यंत वाचून होईतो फोन हातात घेऊ नको. मला लावायलाही नको आणि दुसऱ्या कशालाही नको. का, ते शेवटी.

इथे माझ्याकडे आणल्यापासून आपल्या तात्यांची तब्येत आहे तशीच. उजवा पाय थोडा हलतो, जेवण बेताचं जातं, वाचा मात्र अजून आलेली नाही. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते म्हणत नाहीत. ज्या माणसाने माईकशिवाय अर्ध्या केळव्याला भजन ऐकवलं, तो आता पाणी हवं असेल तर पेल्यावर बोट आपटतो. संध्याकाळी दिवा लावला की ते माझ्या फोनकडे बोट दाखवायचे आणि मी त्यांना त्यांचाच व्हिडिओ लावून द्यायचे. तुला ठाऊक आहे तो. आजारपणाच्या आदल्या थंडीत वाडीत पंपाशेजारी बसून त्यांनी शितळादेवीचं ते स्वतः रचलेलं भजन म्हटलं होतं, ते मी फोनवर धरलं होतं. पंप बंद करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "राहू दे गो, त्याच्याच ठेक्यावर बांधलीय चाल." तो व्हिडिओ लागला की तात्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचे. धरायचे असं लिहिलंय, धरतात असं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्याचंच हे सगळं पत्र आहे.

माझं 'दमयंतीची चूल' हे चॅनल तू पाहतोसच (पाहत नसशील तर पाहतोस असं धरून चालते). आपल्याकडची उकडहंडी, केळफूल, अळूवड्या पुढच्या पोरींना कळाव्यात एवढाच हेतू. त्यातून आजवर एक रुपया आलेला नाही, गेलेला आहे, कारण उकडहंडी दाखवायची तर करावी लागते. पहिलं संकट आलं ते उकडहंडीवरच. शेजारच्या वत्सलावहिनींच्या पुतण्याची हळद होती. मी इकडे मडक्यात कोनफळ, रताळी, पापडी रचते आहे आणि तिकडून डीजे. लग्नघर आहे, आवाज व्हायचाच, म्हणून मी तसंच पुढे चालू ठेवलं. मग काही दिवसांनी इंग्रजीत निरोप आला. यांनी वाचून सांगितलं की तुझ्या व्हिडिओत कोणाचं तरी गाणं आहे आणि मालकाने त्यावर हक्क सांगितलाय. मी म्हटलं, माझ्या व्हिडिओत कोनफळ आहे. हे म्हणाले, मागे वाजतंय ते. मी वत्सलावहिनींकडे गेले आणि तुमच्या गाण्यामुळे मला नोटीस आली असं शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमी डीजेवाल्याला पैसे मोजलेत, गाणं आमचं हाय. तुमी फुकट ऐकलात, तरी आमी काय बोललो का?" 

मग ठरवलं की व्हिडिओ पहाटे करायचे. पहाटे देव आणि फर्स्ट शिफ्टवाले सोडले तर कोणी जागं नसतं. अळूवड्यांचा व्हिडिओ अगदी शांततेत केला. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी यांच्या कंपनीची बस वळते, आणि मागे घेताना तिच्या भोंग्यातून एका भक्तिगीताची धून वाजते. (ड्रायव्हर धार्मिक आहे, माणूस चांगला आहे.) आता गल्ली अरुंद, बस एका दमात वळत नाही, मागे-पुढे, मागे-पुढे करता करता सबंध गाणं होतं. त्याचाही मालक निघाला. देवाचं नाव बसने घेतलं तरी त्याला मालक असतो, हे मला या वयात कळलं. यांना म्हटलं, बस जरा पलीकडून वळवायला सांगा ना. हे म्हणाले, "काय सांगू साहेबांना? बायकोच्या अळूवड्यांपायी शिफ्ट उशिरा सुटेल म्हणून?"

वत्सलावहिनींची तेजल कॉलेजात जाते, तिला यातलं कळतं. (आई तशी असली तरी मुलगी गुणी आहे.) ती म्हणाली, काकू, घाबरू नका, या दोन्हींत फक्त कमाई मालकाकडे जाणार. हे ऐकून मला हायसं वाटलं. कमाई नव्हतीच, त्यातला काय तो वाटा त्यांनी खुशाल न्यावा. वर तिने उपायही सांगितला की बाहेरचे आवाज बंद करायचे आणि बिनमालकाचं, फुकट मिळणारं संगीत घालायचं. फुकट म्हटल्यावर मी दुसरं काही विचारलं नाही. ते पियानोचं निघालं. एकच बोट दाबून बराच वेळ थांबायचं, मग दुसरं दाबायचं, असं ते संगीत. त्यावर मी केळफूल सोललं, चिरलं, फोडणीला टाकलं, आणि खाली पहिला अभिप्राय आला तो विरारच्या मावशीचा, "दमे, कोण गेलं?"

इथवर मी हसून सोडलं असतं. पण मग निरोप आला तो तात्यांच्या भजनावर. शब्द तात्यांचे, चाल तात्यांची, गळा तात्यांचा, पंप आपला, आणि मालक म्हणून कुठल्याशा गाण्यांच्या कंपनीचं नाव. या वेळी कमाईवर भागत नव्हतं, व्हिडिओच कोणाला दिसणार नाही असा बंद करून टाकलेला. आक्षेप नोंदवायला ते एक चौकट देतात. तीत मी मराठीतच लिहिलं, कारण खरं सांगताना इंग्रजीत माझं खोटं वाटतं. 'माननीय महोदय, स. न. वि. वि.' इथून सुरुवात केली, तात्यांचं पूर्ण नाव, गाव, देवीचं देऊळ, चाल कशी सुचली, पंप किती अश्वशक्तीचा, सगळं लिहिलं. 'कळावे' पर्यंत आले आणि चौकट भरली. 'लोभ असावा' काही आत मावेना. शेवटी पंपाची अश्वशक्ती काढली आणि लोभ बसवला. उत्तर आलं की कंपनी हक्क सोडत नाही. लोभाबद्दल काहीच नव्हतं. तेजल म्हणाली, काकू, ते मशीन आवाजाला आवाज जुळवून बघतं, वाचत कोणी नाही. आणखी भांडत बसलात आणि त्यांनी तक्रार केली तर चॅनलवर ठपका येतो, आणि असे ठपके साचले की सगळं चॅनलच जातं.

सगळं चॅनल जातं म्हटल्यावर मी भांडण तिथेच सोडलं, कारण तो व्हिडिओ माझ्याकडे चॅनलशिवाय कुठेच नव्हता. फोन भरला की चढवून झालेलं मी फोनमधून पुसून टाकते. तू दिवाळीत फोनवर म्हणालाही होतास की ताई, एक मेमरी कार्ड घे. मी म्हटलं होतं, चॅनल फुकट सांभाळतंय तर कार्डावर खर्च कशाला? तर त्या निरोपाच्या खाली एक बटण होतं. यांनी वाचून दाखवलं, 'गाणं काढा, बाकीचे आवाज ठेवा.' मला ते एकदम रास्त वाटलं. मला वाटलं, मागे कोणाचा डीजे, कोणाची बस, काय कंपनीचं चुकून आत शिरलं असेल ते जाईल आणि तात्यांचं राहील. तात्यांचा आवाज हा गाण्यात मोजायचा असतो हे माझ्या मनातच आलं नाही रे. मी देवीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. एकदा काढलं की परत आणता येणार नाही असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. हे यांनी वाचलं, पण मी दाबल्यावर. तेजल नंतर म्हणाली, काकू, आधी उतरवून तरी घ्यायचा होतात. नंतर सगळेच हुशार होतात.

संध्याकाळी दिवा लावला आणि आनंदाने व्हिडिओ लावला. पंप सुरू झाला. मागे भारद्वाज ओरडला. तात्या खोकले, घसा साफ केला, अगदी शेजारी बसल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ओठ हलतायत, मान डोलतेय, हात वर जातोय आणि नुसता पंप चाललाय. मशीनने खोकला तेवढा ठेवला. त्यावर कोणाचा हक्क नसावा. खाटेवरच्या तात्यांनी ठेका धरायला उचललेला हात तसाच अधांतरी राहिला. ते पुन्हा पुन्हा त्या फोनमधल्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या गळ्याला बोट लावलं आणि तेच बोट फोनकडे केलं. याचंही गेलं का, असं विचारत होते. मी म्हटलं, नाही तात्या, माझ्या फोनचाच आवाज बिघडलाय. तो गुरुवार होता, माझा उपास होता आणि मी मांडलेल्या घटासमोर खोटं बोलले. देवी काय ते बघून घेईल. त्या दिवसापासून दिवा लागला की ते फोनकडे बोट दाखवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. मी आरती म्हणते ती एकटीच.

असं आहे सगळं. उद्यापन आटोपलं, जेवायला सवाष्णी आल्या होत्या, सगळ्यांनी तात्यांची चौकशी केली आणि तुझीही केली. हल्ली गावोगाव तुझे कार्यक्रम असतात म्हणे. म्हणूनच गणपतीनंतर तुला इकडे फिरकायला सवड झाली नसणार, हे मी समजू शकते. थंडी वाढली आहे, गळ्याला जप. हेमांगीला आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा (इथे जागा आहे).

तुझी ताई,
दमयंती

ता. क. कंपनी ज्या गाण्यावर हक्क सांगते ते तेजलने शोधून मला ऐकवलं. सुरुवातीला पंप. मग भारद्वाज. मग तात्यांचा खोकला. मग तात्यांच्या दोन ओळी, आणि त्यानंतर त्यांच्या गळ्यावर तुमची पेटी, टाळ, झांजा. पुढे तात्या आहेत, पण त्या गर्दीत सापडत नाहीत. खाली नाव 'भजनसम्राट ललित आणि मंडळी, केळवे'. (सम्राट कधी झालास?) आधी गुरूचा आवाज आणि मग शिष्याने उचलायचं, हा आपल्या मंडळाचा रिवाज. तो तू पाळलास हे मला ऐकताक्षणी कळलं, म्हणून तर धड रागावताही येईना. पण तेजल म्हणते, असं गाणं कंपनीला देताना कागदावर सही घेतात की आतला प्रत्येक आवाज आम्हा गाणाऱ्यांच्याच मालकीचा. तो कागद तू वाचला नसणार. म्हणजे सध्या तात्यांचा खोकला तुझ्या नावावर आहे, तो तेवढा मोकळा करून घे.

दुसरा ता. क. आता खरं काम. हा व्हिडिओ तुझ्याकडे गेला तो मीच तेव्हा सबंधच्या सबंध व्हॉट्सॲपवर पाठवला होता म्हणून. तो तुझ्या फोनमध्ये अजून आहे का? हेमांगी सांगते की दर अमावास्येला तू वाडीतली अवजारं धुतोस तसा फोनही साफ करतोस. अमावास्या तोंडावर आली आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता यांच्याबरोबर पाठवते. फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला 'ताई, चुकलं' म्हणून मोकळा झाला असतास आणि घाबरून शोधत सुटला असतास. घाबरलेला माणूस बटणं दाबतो. आपल्या घरात एकीने दाबलं तेवढं पुरे. तेव्हा तुझा फोन न उघडता यांच्या हातात दे. हे आधी वाचतील आणि मग दाबतील, तसं बजावून पाठवलं आहे.

तिसरा ता. क. काल तात्यांना तुझं गाणं लावून दाखवलं. खोकला ऐकून त्यांनी भिंतीकडचं तोंड इकडे फिरवलं. दोन ओळी ठेका धरला. मग तुम्ही सुरू झालात आणि त्यांनी हात खाली, खाली, असा केला. तुझी पट्टी फार वर गेली आहे. तेव्हा व्हिडिओ सापडो की न सापडो, रविवारी तू ये आणि त्यांच्या पट्टीत, त्यांच्यासमोर बसून म्हण. ठेका ते देतील.

यांच्याजवळ पाकिटात एक मेमरी कार्ड आहे. नवीन आहे, मी विकत आणलं. हेमांगीला खरं वाटणार नाही, तिला किमतीची चिठ्ठी दाखव.