परत आल्याची नोंद

मंगळवार, ८ एप्रिल

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: क्लेम टरेलला समुद्र मारणार नाही, त्याची बेफिकिरी मारील. हे मत नव्हे, प्रमेय आहे. पुरावे तारखेवार मांडीन. चाळीस वर्षे न्यायालयात दुसऱ्यांची बाजू मांडली. ही माझी स्वतःची.

पुरावा पहिला. आज बचाव केंद्रात रेडिओवर माझी पाळी होती. सकाळी ६.५० ला त्याचा आवाज आला — "केंद्र, केंद्र, ही 'लंगडी सबब'. एक माणूस, दोन मैलांच्या आत, दुपारी एकला परत. काय वकीलसाहेब, झोप झाली का?" सत्तर वर्षांच्या माणसाने होडीचे नाव 'लंगडी सबब' ठेवावे, यातच अर्धा पुरावा आला.

एक वाजला. दीड वाजला. परत आल्याचे त्याने कळवले नाही. नियम स्पष्ट आहे: अर्धा तास थांबायचे, मग होडीवर फोन, मग घरी फोन, मग धक्क्यावर कोणाला तरी पाठवायचे, आणि तरीही पत्ता लागला नाही तर बचावनौका बाहेर काढायची. घरी फोन केला. त्याची बायको नोएलिन म्हणाली, "तो? मागच्या अंगणात मासे साफ करतोय. थांब, ओरडते त्याच्यावर."

बचावनौकेची किल्ली मी आधीच खुंटीवरून काढून घेतली होती. ती परत टांगली.

शनिवार, १२ एप्रिल

भीतीचे कारण नोंदवून ठेवणे उचित होईल, नाहीतर हा सगळा म्हाताऱ्याचा चक्रमपणा वाटेल.

अकरा वर्षांपूर्वी क्लेम आणि मी त्याच्या जुन्या होडीतून नदीमुखावरचा वाळूचा दांडा ओलांडत होतो. ओहोटी जोरात होती. नदी बाहेर धावत होती, समुद्र आत ढकलत होता, आणि दांड्यावर लाटा भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या. थांबू या, असे मी म्हणालो. "थांबायला काय, बसची वाट बघतोयस?" असे तो म्हणाला. मागून आलेल्या लाटेने होडी उलटी केली. मी तिच्याखाली होतो. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. क्लेमने मला केसांना धरून ओढून काढले.

म्हणजे त्याने मला बुडवले आणि त्यानेच वाचवले. या दोन विधानांपैकी कोणते अधिक वजनाचे, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

त्यानंतर मी समुद्रावर गेलो नाही. कडेला बसून रेडिओ ऐकतो. व्हर्ना, आमच्या केंद्राची प्रमुख, पूर्वी शाळेची बस चालवायची, ती म्हणते, "ऑब्री, तुझ्याइतकं कान देऊन कोणीच ऐकत नाही." ती याला गुण समजते.

मंगळवार, २२ एप्रिल

पुरावा दुसरा, आणि गंभीर.

क्लेमने अकराला परत येतो म्हणून सांगितले. साडेअकरा — काही नाही. होडीवरचा फोन बंद. घरी कोणी उचलेना. धक्क्यावर माणूस पाठवला, तर त्याला होडी दिसली नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी मी बचावनौका बाहेर काढायला सांगितली. ओहोटी होती. दांडा ओलांडताना नौका आपटली आणि पुढे उभ्या असलेल्या स्वयंसेविकेचे मनगट मोडले.

क्लेम नदीत वर, पुलापलीकडे नांगर टाकून झोपला होता! उन्हात! टोपी तोंडावर!

संध्याकाळी केंद्रात आला, स्वयंसेविकेसाठी केक घेऊन. माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "महाराज, आरोपी गुन्हा कबूल करतो. पण झोप फार गोड होती." सगळे हसले. ज्या पोरीचे मनगट मोडले तीसुद्धा हसली. मी हसलो नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

अँझॅक दिन, युद्धात पडलेल्या सैनिकांचा. पहाटेच्या स्मरणानंतर सगळे क्लबात नाश्त्याला. क्लेम गर्दीसमोर म्हणाला, "ऑब्रीचं काय सांगता, तो अंघोळीच्या टबात उतरायच्या आधी केंद्राला कळवतो — एक माणूस, एक साबण, दहा मिनिटांत परत."

छप्पर उडेल एवढे हसू. व्हर्नाही हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. नंतर बाजूला घेऊन म्हणाली, "नियम बरोबरच आहेत रे. पण दर वेळी नौका काढायची म्हणजे माणसं धोक्यात घालायची. आधी डोळ्यांनी बघ, मग काढ."

डोळ्यांनी बघ. ठीक आहे.

मंगळवार, २९ एप्रिल

क्लेमने आज वेळेवर कळवले. हा पुरावा माझ्या विरुद्ध जातो, म्हणूनच नोंदवतो.

मंगळवार, ६ मे

दुपारी ४.३०. नुकताच घरी आलो. दक्षिणेचा वारा वाढतो आहे.

क्लेम सकाळी नऊला गेला. "एक माणूस, दोन मैलांच्या आत, तीनला परत." तीन वाजले. साडेतीन वाजले. दांड्यावर पांढरा फेस दिसत होता. फोन उचलायला हात पुढे गेला, आणि मला क्लबातले हसू ऐकू आले.

म्हणून दुर्बीण घेतली. खिडकीतून धक्का स्पष्ट दिसतो. क्लेम आपली गाडी आणि होडीचा ट्रेलर नेहमी शेवटच्या जागेवर लावतो, पाइनच्या झाडाखाली. जागा रिकामी होती. ज्याअर्थी ट्रेलर जागेवर नाही, त्याअर्थी होडी त्यावर चढली. ज्याअर्थी होडी चढली, त्याअर्थी माणूस घरी गेला आणि नेहमीप्रमाणे कळवायला विसरला.

नोंदवहीत 'परत आल्याचे कळवले' या रकान्यात ३.४० लिहिले. पुरावा तिसरा.

चार वाजता पाळी संपली. चहा करतो.

बुधवार, ७ मे

सकाळी ६.१५.

काल सहा वाजून दहा मिनिटांनी नोएलिनचा फोन आला. बाहेर अंधार पडून अर्धा तास झाला होता.

"ऑब्री, क्लेम तुझ्याकडे बसलाय का?"

नाही, म्हणालो.

"मग कुठं मेला हा? कोस्टा ट्रेलर परत घेऊन आलाय, म्हणतो धक्क्यावर होडीच नाही!"

कोस्टा मेकॅनिक आहे. क्लेम समुद्रावर असताना तो गाडीसकट ट्रेलर घेऊन गेला होता, चाकाचे बेअरिंग बदलायला. खारे पाणी बेअरिंगे खाते. इथे निम्मे लोक असेच करतात, होडी पाण्यात असताना ट्रेलर दुरुस्तीला. हे मला माहीत आहे. मी स्वतः असे केले आहे!

नोएलिनने विचारले, "पण तू तर रेडिओवर होतास. तुझ्याशी बोलला ना तो?"

मी म्हणालो, "वहीत नोंद आहे. तीन चाळीस."

वाक्य शब्दशः खरे होते. असे वाक्य कसे बांधतात, हे शिकायला मला चाळीस वर्षे लागली.

पावणेसातला नौका निघाली. अंधारात, वाऱ्यात. नऊ वाजता दांड्यावर ती उलटता उलटता वाचली, म्हणून व्हर्नाने परत बोलावली. हेलिकॉप्टर उजाडल्यावर येणार. क्लेमकडे संकट-संदेश देणारे यंत्र नाही; दोन मैलांच्या आत ते बंधनकारक नाही. रात्री केंद्रात मी तीन वेळा नोंदवही उघडली. तीन चाळीस. अक्षर सुंदर आहे.

पाणी एकवीस अंश. या पाण्यात सत्तर वर्षांचा माणूस किती तास — आकडा मला पाठ आहे. इथे लिहिणार नाही.

सकाळी ८.०५.

सापडला! जिवंत!

दांड्यापासून अकरा मैल दक्षिणेला. मासे ठेवायच्या बर्फपेटीच्या पट्ट्यात हात अडकवून तरंगत होता. हेलिकॉप्टरवाल्यांना म्हणे त्याने पहिले विचारले, "बिअर आहे का?"

बाहेर जाऊन कुंपणाला धरून उभा राहिलो. शेजारीण म्हणाली, "ऑब्री, बरं वाटत नाही का?" "सापडला," एवढेच म्हणालो.

गुरुवार, ८ मे

व्हर्नाने हिशेब केला, कागदावर, माझ्यासमोर. होडी दांड्यावर उलटली २.४० ला, असे क्लेमने हेलिकॉप्टरमध्येच सांगितले होते. ओहोटीने त्याला बाहेर नेले, मग प्रवाहाने दक्षिणेकडे. "साडेतीनला शोध सुरू केला असता तर जेमतेम मैलभर गेला असता. उजेडात. मी स्वतः उचलून आणला असता त्याला." पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "पण तीन चाळीसला तो परत आलोय म्हणाला ना? मग हे कसं?"

मी म्हणालो, "विसंगती आहे खरी."

आमच्या केंद्रात ध्वनिमुद्रण होत नाही. फक्त नोंदवही आहे. आणि वहीवर आजवर कोणी शंका घेतलेली नाही, कारण ती मी लिहितो.

बुडण्याची भीती मला ओळखीची आहे. ही वेगळी. हिला तळ आहे, आणि मी त्यावर उभा आहे.

शनिवार, १० मे

व्हर्नाचा फोन. विसंगती सुटली, म्हणाली.

पोलिसांनी क्लेमला तीन चाळीसच्या नोंदीबद्दल विचारले. त्याने सांगितले: होय, तीन चाळीसला मीच रेडिओवर परत आलो म्हणालो. दांड्याच्या आतच होतो. मग पक्षी पाण्यावर पडताना दिसले, मासे लागलेत म्हणून पुन्हा बाहेर गेलो, कोणाला न सांगता. तेव्हा उलटलो. वेळेत चूक झाली असेल, घड्याळ बुडाले.

व्हर्ना संतापली होती. "पुरे झालं आता! सत्तरीचा झाला तरी अक्कल नाही. त्याची होडी या धक्क्यावरून उतरू देणार नाही मी. आणि ऑब्री, अहवाल तू लिही. प्रत्येक क्लबात वाचून दाखवू. तुझ्यासारखं मुद्देसूद कोणाला जमत नाही."

फोन ठेवला आणि अहवालासाठी कोरे कागद काढले.

रविवार, ११ मे

रुग्णालयात गेलो. नोएलिन बाहेर बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "तुझी माफी मागते रे त्याच्या वतीने. किती त्रास दिला तुला." मी हात सोडवून घेतला.

क्लेमचे ओठ मिठाने फुटलेले. बर्फपेटीच्या पट्ट्याने उजव्या दंडाची शीर चेपली आहे. हात खांद्याच्या वर जाणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. नांगर ओढणे संपले.

दार लावून मी विचारले, "तू खोटं का सांगितलंस?"

"कोणतं? मी बरीच सांगितली. नर्सला म्हटलं मी बिअर सोडली."

"क्लेम."

"अरे, कोस्टाने सांगितलं मला, ट्रेलर नेला होता ते. पडून पडून दुसरं काय करणार, विचार केला. रिकामी जागा बघितलीस, हो ना? मीही तेच समजलो असतो."

"तू समजला असतास. मी समजायला नको होतं."

"हे बघ म्हाताऱ्या, माझी अब्रू आधीच तळाशी आहे, तिला अजून काय भिजवणार? सगळ्यांनी विश्वास पण ठेवला, लगेच! मला जरा वाईटच वाटलं." हसायला गेला आणि खोकला लागला. पाणी पाजले. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यांनी तुझ्याकडून रेडिओ काढून घेतला तर तू दिवसभर काय करशील? भिंतीशी वाद घालशील. जा घरी. अहवाल चांगला लिही. मला जरा देखणा दाखव."

मी त्याला विचारले, पाण्यात भीती वाटली का.

"अंधार पडला तेव्हा वाटली," तो म्हणाला. "त्याच्या आधी नाही. त्याच्या आधी म्हटलं, आज मंगळवार, ऑब्री बसलाय. येतीलच."

सोमवार, १२ मे

अहवाल लिहून झाला. चार पाने. मुद्देसूद. माझे प्रमेय त्यात पूर्ण सिद्ध झाले आहे: बेफिकिरीची तीन उदाहरणे, तारखा, वेळा, आरोपीचा कबुलीजबाब. एकही कच्चा दुवा नाही. कोणतेही न्यायालय मान्य करील.

सहीची जागा रिकामी आहे. पेन दोनदा उचलले. दोनदा खाली ठेवले.

मंगळवार, १३ मे

चार पाने चुलीत टाकली. व्हर्नाला दिलेल्या कागदाची ही नक्कल:

६ मे रोजी दुपारी ३.४० वाजता 'लंगडी सबब'वरून कोणीही बोलले नाही. मी धक्क्यावरची रिकामी जागा पाहिली आणि तो परत आला असे लिहिले. उजेडाचे दोन तास माझ्यामुळे गेले. क्लेम टरेल खोटे बोलत आहे, आणि ते माझ्यासाठी.

— ऑब्री पेनहॉल