जर्मनावरचं नाव

मालवण,
१८ जानेवारी २०२५

प्रिय स्टॅनली,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. हे हातानं सवयीनं लिहून टाकलं. आता खोडत नाही. घरात मी एकटीच, आणि मी जेवते, झोपते, सकाळी चर्चमध्ये मिसेला जाते, तेव्हा खुशालच म्हणायचं.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. लॉरेन्स गेल्याचं तुला मावसबहीण फ्लाव्हियाकडून कळलं, घरून नाही, हे तू दोनदा लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी पोचलं असतं. एकोणीस वर्षांनी दिराचं पत्र येतं आणि त्यात पाच प्रश्न असतात. त्यातले चार ट्युबाबद्दलचे, म्हणजे आपल्या त्या फुंकायच्या पितळी जर्मनाबद्दलचे. मला राग यायला हवा होता. आला नाही. सध्या काहीच येत नाही.

चौतीस वर्षं मी शाळेत मुलांना सांगत आले की जो प्रश्न जड जातो तो शेवटी ठेवा, आधी येतात ते सोडवा. तुझा पहिला प्रश्न मी शेवटी ठेवते आहे.

मापं समोरच्या किशोरीनं घेतली. ती ब्लाउज शिवते, तिची टेप चोख. उंची सदतीस इंच, वरचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत सोळा. मापं घेताना ती मला म्हणाली, "बाईनू, एकदा रडान घेवा, बरा वाटतला." मी म्हटलं, आधी आकडे नीट सांग.

चाव्या चार आहेत. कुडाळच्या बँडवाल्याकडे जो बास ट्युबा आहे त्याच्या चाव्या वरून दाबल्या की खाली जातात. आपल्या जर्मनाच्या तशा नाहीत. पट्टी दाबली की आतली डबी जागच्या जागी फिरते. पट्ट्यांच्या मुळाशी छोटे गोल डबे आहेत, त्यांत जुन्या घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग. तू लिहिलं आहेस की हीच जुन्या जर्मन कामाची खूण. मग पप्पांचं म्हणणं खरं होतं म्हणायचं. लग्न होऊन आले तेव्हा पप्पा म्हणाले होते, "ह्यो जर्मन, घरातलो थोरलो", आणि मला वाटलं होतं, कुणी पाहुणा आहे.

तोंडाच्या कडेला पांढरट धातूचा चार बोटं रुंद पट्टा आहे. किशोरी म्हणाली, आमच्या आजीच्या पानाच्या डब्यासारखं जर्मन सिल्व्हर. चौथी चावी अजून अडकते. ती दुरुस्त करायला तू जर्मन वसईला, तुझ्या वाद्यांच्या दुकानात, न्यायला निघालास आणि लॉरेन्स म्हणाला, "नेलंस काय परत येवचो नाय, तू आता दुकानदार झालंस." तू फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या सकाळी, न वाजवता, गेलास तो गेलासच. दोघेही एकाच बापाचे, मोडाल पण वाकणार नाही. तळाच्या वळणावरचा पोचा तुला सांगायला नको. चर्चच्या पायऱ्यांवरून जर्मन तूच पाडलास आणि मार लॉरेन्सनं खाल्ला.

आता नाव. तू विचारलंस, वरच्या तोंडाखाली पानांच्या वेलीत कारागिराचं आणि गावाचं नाव कोरलेलं असेल, ते उतरवून पाठव. नाव सापडलं तर कुणी, कुठे, साधारण कधी घडवला ते सांगता येईल.

नाव नाही, स्टॅनली. मी घासून टाकलं.

दर वर्षी फेस्ताच्या आदल्या दिवशी मी त्याला आमसुलं चोळायचे, मग चुलीतली राख, मग नारळाची शेंडी. घरची तांब्यापितळेची भांडी जशी घासतात तशी. पहिल्या वर्षी तिथं काहीतरी नक्षी होती, हे आठवतं. वेल होती, काटेरी अक्षरं होती. मला वाटलं, त्यात मळ बसला आहे, म्हणून तिथं जास्त जोर लावला. एकतीस वर्षं. आता उन्हात तिरपं धरलं तर एक पान दिसतं. त्यावर कागद ठेवून मी पेन्सिल फिरवली, मुलांना नाण्याचा ठसा काढायला शिकवायचे तशी. एक पान आणि शेवटचं 'एन' उमटलं. तो कागद सोबत ठेवला आहे. तेवढ्यावरून तुला काही कळलं तर कळव.

तुझं पत्र वाचेपर्यंत मला माहीत नव्हतं की ते नाव होतं. लॉरेन्सला माहीत होतं. वाजवण्याआधी पप्पा त्याच जागेवर हात ठेवायचे, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. आणि तरी दर वर्षी मी जर्मन पुसून त्याच्यासमोर ठेवला की तो त्यात तोंड बघून म्हणायचा, "झकास झालो गो! दाढी करूक आता आरसो नको." एकदाही म्हणाला नाही, तिथं घासू नकोस. एकतीस वेळा त्यानं ते नाव जाताना पाहिलं आणि माझं कौतुकच केलं. असं कोण करतं? मी त्याच्यावर रागावू की काय करू, मला कळत नाही.

शेवटचं वर्षभर त्याला फुंकर नव्हती. डॉक्टरांनी बंदी केली होती. तो जर्मन मांडीवर घेऊन बसायचा आणि नुसती बोटं चालवायचा. चाव्यांचा खटखट आवाज स्वयंपाकघरात यायचा. कुठलं गाणं चाललंय ते मला त्यावरून ओळखू यायचं.

तो म्हणायचा, "जर्मनाचो आवाज कानान नाय, बाकाक हात लावन ऐकूचो." खरं होतं. तो वाजवायचा तेव्हा पहिल्या बाकाचं लाकूड तळव्याला लागायचं. त्याला पुरलं त्या दिवशी बँड आला होता. दोन कॉर्नेट, एक क्लॅरिनेट, ढोल. बास वाजवणारा कुणीच नव्हता. मी बाकावर हात ठेवून बसले होते. लाकूड हललं नाही. मीही नाही. तेव्हापासून तशीच आहे.

आता पहिला प्रश्न. लॉरेन्सनं शेवटी तुझं नाव काढलं होतं का.

काढलं होतं. मंगळवारी, एकतीस तारखेला. म्हणाला, "स्टॅनलीक फोन लाव गो. जर्मन तेच्या हातात दिवक व्हयो." तुझा नंबर त्याच्या गाण्यांच्या वहीच्या मागच्या पानावर होता, फ्लाव्हियाकडून घेऊन ठेवलेला. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि बाहेर येऊन म्हटलं, लागत नाही. मी लावलाच नव्हता. मला वाटलं, तू येशील, जर्मन घेऊन जाशील, मग हा बोटं कशावर चालवणार? मला वाटलं, अजून वेळ आहे.

बुधवारी त्यानं परत विचारलं. मी म्हटलं, वाजतो, पण तो उचलत नाही.

 मग म्हणाला, "तेका अजून राग आसतलो."

गुरुवारी सकाळी तो गेला. तेच समजून गेला, स्टॅनली. तू उचलला नाहीस म्हणून नाही, मी खोटं बोलले म्हणून. हे मी फादरना कन्फेशनमध्ये सांगितलं. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, मी त्या म्हटल्या. पण ज्याला सांगायचं तो तू आहेस.

दोन फेब्रुवारीला, रविवारी, त्याच्या महिन्याची मिसा आहे. कुडाळला उतर, तिथून मालवणची एसटी मिळेल. जर्मन तुझा आहे, नाव असो नसो. मिसेनंतर घेऊन जा, मी दारात आडवी येणार नाही. पण नेण्याआधी एकदा चर्चमध्ये वाजव. चौथी चावी अडकली तरी चालेल. मी पहिल्या बाकावर असेन.

या वर्षी मी त्याला आमसुलं लावलेली नाहीत. चाव्यांवर त्याच्या बोटांचे हिरवट डाग तसेच आहेत. तुझी बोटं तिथंच पडतील.

माझ्याशी बोलला नाहीस तरी ये.

अजून म्हणत असशील तर तुझी वयनी,
नाहीतर नुसती,
तेरेझा