पेंढ्याची गाठ

कराची बंदर,
ता. ९ मार्च १९४३

प्रिय दादा,

म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा तुझाच. आबाजी मास्तरांच्या हातून लिहवलंस, "तू इथं असतास तरी काय केलं असतंस?" अरे, मी असतो तर ऐनाच्या झाडावर मी चढलो असतो, तू नाही! आपल्या घरात राबाचा टहाळ दरसाल कोण तोडत आलंय? चौदाव्या वर्षापासून मीच ना? तू खाली उभा राहून ओरडायचास, "वरचा शेंडा कोन घेनार, तुजा आजा?" आणि मी वरून म्हणायचो, "आजा तुजा पन हाय, बोलव त्याला." आई खाली टहाळ ओढता ओढता हसायची.

टहाळ नसला तर भाताच्या रोपाची जमीन भाजायची कशानं, म्हणून तू चढलास, ते मला कळतं. पण वहिनीला दिवस गेलेले. तशा साली नवऱ्यानं झाडावर पाय ठेवायचा नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. धाकटा पळाला, आता वाट कुणाची बघायची, असं म्हणून चढला असशील, आणि पडलास. पळालो खरा. गेल्या सालच्या माघात मी त्याच ऐनावर असताना आपलं वाजलं. तू म्हणालास, "खातोस दोन मानसांचं नि तोडतोस अर्ध्याचं." मी तसाच उतरलो, कोयता तुझ्या पायाशी टाकला आणि आठ दिवसांत इथं आलो.

इथं बोटीच्या पोटात कोळसा भरतो. परवा माझ्या बाजूचा गडी शिडीवरून खाली गेला. पोतं टाकल्यासारखा आवाज झाला, दुसरा काही नाही. त्याला ताडपत्रीत घालून नेलं आणि मुकादमानं त्याच शिडीवर दुसरा चढवला. मी शिडी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. मुकादम ओरडत होता, सोड म्हणून. हात सुटेनात. रजा मागितली, तर म्हणाला लढाई संपू दे, मग बघू. असाच निघून आलो तर पगार बुडतो, आणि रिकाम्या हातानं येऊन तुझ्या खाटेशी नुसता बसून काय करू?

गेल्या आठवड्यात आपल्या आळीतला नामा इथं कामाला आला. तुझ्या पत्रात जे नव्हतं ते त्यानं सांगितलं. तुला झोळीत घालून कशेळ्याला नेलं, तिथून बैलगाडीनं कर्जतला. डॉक्टरानं पायाला टाचणी टोचली ती तुला कळलीच नाही. मुंबईला न्या म्हणाला, आणि तुम्ही घरी परत आलात. आता तुला कुशीवर वळवायला आई एकटी, कारण वहिनीला तिनं चौकला माहेरी धाडलं. "हिच्या पोटानं माजा लेक झाडावरनं पाडला," असं दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली म्हणे. आणि तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. वहिनीनं जाताना तुझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, एवढंच. नामा हे सांगत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी त्याला एकच विचारलं, फांदी कुठली मोडली? तुला दोन पत्रांत विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. तो म्हणाला, दुबेळक्याची, खोड दुभागतं तिथली, ओढ्याकडची.

दादा, ती फांदी मी अर्धी तोडून ठेवली होती. भांडणाच्या दिवशी, तू खालून बोलत होतास तेव्हा, रागानं तिच्या बुडाशी चार घाव घातले. घाव बसलेल्या फांदीला उतरायच्या आधी पेंढ्याची गाठ मारायची, म्हणजे पुढच्या साली चढणाऱ्याला कळतं की हिच्यावर पाय नको. बाबांनी मला झाड शिकवलं तेव्हा पहिली ती गाठ शिकवली होती. पेंढा माझ्या कमरेला खोचलेला होता. मी बांधला नाही. वर्षभरात पालवी फुटून घाव झाकला असेल. तू चढल्यावर आधी गाठ शोधली असशील, ती तुलाही ठाऊक आहे. दिसली नाही म्हणून बिनघोर पाय दिलास. मास्तर, इथवर वाचलंत तर थांबू नका. आईला समोर बसवा आणि हे पुन्हा मोठ्यानं वाचा. वहिनीच्या पोटानं काही केलं नाही. दादा, मला शिव्या घाल, माझं नाव घरात घेऊ नकोस, पण तिला आण. तुझे पाय मला परत आणता येत नाहीत, इथून हलताही येत नाही. मुकादमानं उचल दिली तेवढी मनिऑर्डर करतोय. मुंबईच्या इस्पितळाला ती पुरायची नाही. चौकला गाडी धाडून वहिनीला घरी आणायला पुरेल. अठ्ठावीस रुपये.

तुझाच,
धाकलू