सावल्या नेणाऱ्या राजाची नात

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं ते मला माहीत नाही, तरी कागद घेऊन बसले आहे. खरं तर पुढ्यात दुसरंच काम आहे. पुण्यातल्या तीन मुलांनी ते दिलंय आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मजकूर त्यांच्या हातात पडायला हवा. आज बुधवार. उभा जन्म मी वर्तमानपत्रात काढला, पण मजकूर उशिरा दिला असं कधी झालं नाही. या वेळी मात्र एका जागी अडले आहे, आणि त्या जागी तुम्ही उभ्या आहात.

ही मुलं कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवताहेत. खेळणारा पडद्यावर एका योद्ध्याच्या रूपात गावोगाव हिंडतो. वाटेत माणसं भेटतात, बोलतात, आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते खेळणाऱ्याने निवडायचं. या माणसांचं मराठी बोलणं लिहायचं काम माझ्याकडे आहे. खेळात फार पूर्वी एक दुष्ट राजा होऊन गेलेला आहे. त्याने लोकांच्या सावल्या फसवून काढून घेतल्या, आणि अजूनही त्या मुलखात माणसं बिनसावलीची फिरतात. या राजाची नात खेळाच्या दुसऱ्या गावात राहते. ती हसतमुख आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारते, वाट दाखवते, जखमेवर पाला बांधते. लोक तिच्याकडून पाला घेतात आणि पाठ वळली की थुंकतात. तिचे दोनशेच्या वर संवाद मी लिहिले, अगदी सहज. मग मुलांनी सांगितलं, शेवटी ती दगा देते. खेळणाऱ्याची सावली नेते. 'मॅडम, एवढी गोड आहे म्हटल्यावर लोकांना संशय येणारच, तो खरा ठरला की मजा येते.' तो दगा लिहायचा राहिला आहे.

संशय कसा असतो ते मला त्या मुलांपेक्षा जास्त माहीत आहे. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि तुम्ही आमच्या गावच्या चार इयत्तांच्या शाळेत शिकवायला आला होता. गाव तुमचंच होतं, तुमच्या माहेरचं. जळगाव जामोदच्या पुढे, जिथून सातपुडा हाताच्या अंतरावर दिसतो. तुमच्या आजोबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली असतील, पण आमच्या वस्तीत त्यांचं नाव घ्यायचं झालं तर माणसं आवाज खाली करत. त्यांनी माझ्या आज्याला एकदा वाड्यावर बोलावलं, कोऱ्या कागदावर अंगठा लावायला लावला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात नाल्याकाठचं आमचं वावर त्यांचं झालं होतं. कागदावर काय लिहिलंय ते आज्याला कोणी वाचून दाखवलं नाही. माझे बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते आणि आज्याचं बोट धरून तिथे उभे होते. पुढे ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला जाऊ लागले. त्या वावराच्या बांधावरून गेलं तर वाट जवळची, पण त्यांनी त्या बांधावर कधी पाय ठेवला नाही. रोज अर्धा कोस वळसा घालून जायचे.

आणि तुम्ही आमच्या वस्तीत यायचा. छत्री घेऊन, भर उन्हात, पोरं शाळेत का आली नाहीत ते बघायला. आल्या की आमच्याच पद्धतीचा नमस्कार घालायचा, मोठ्याने, आणि ओट्यावर बसलेली माणसं एकदम गप्प व्हायची. 'काय हो भाऊ, जबान गहाण ठेवली का?' असं म्हणून तुम्ही हसायचा. कोणाची बकरी व्याली, कोणाच्या सुनेला माहेरचं बोलावणं आलं, सगळं तुम्हाला ठाऊक. माय तुम्हाला बसायला पोतं टाकायची. बाबा असले की उठून मागच्या दाराने निघून जायचे. एकदा जाता जाता म्हणाले, 'पाटलीणबाई, इकडे अजून कोन्तं वावर पाहून राह्यल्या?' तुम्ही म्हणालात, 'वावर नाई भाऊ, पोरगी पाहून राह्यली. हुशार हाय तुमची पोरगी.' बाबा थांबले. 'तेच म्हन्तो मी. आता पोरगी.'

वर्गात तुम्ही मला एकदाच रागावलात. 'आमचा गाव' हा निबंध मी तिसरीत लिहिला, त्यात झुळझुळ वाहणारा नाला आणि हिरवीगार शेतं. तुम्ही वही माझ्यापुढे टाकलीत. 'नाल्याले पानी कधी पाह्यलं तू? दिवाळीनंतर कोरडा असते तो. डोळ्यानं पाह्यलं ते लिही, नाईतर लिहू नको.' मी रडले. तुम्ही समजूत घातली नाही. पुढे वर्तमानपत्रात नव्या मुलांचा मजकूर तपासताना मी हेच वाक्य पुस्तकी मराठीत बोलत आले.

मी चौथीत होते तेव्हा तुम्ही बुलढाण्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म आणलात. पुढची शाळा गावात नव्हती. माझ्या मोठ्या चुलत बहिणी चौथीनंतर निंदायला जात होत्या, आणि मी गेले नाही तर उन्हाळ्यानंतर माझ्याही हातात खुरपं येणार हे ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तुम्ही दारात उभ्या राहिलात.

'भाऊ नाई का?'

'जिनात हायेत. आज पाळी लांबली.'

'उद्या सकाळच्या एसटीनं फॉर्म गेला पाह्यजे. नाईतर हिचं वर्ष गेलं.'

माय भाकरीवर पाणी फिरवत राहिली. 'ते नाई लावत अंगठा. तुमच्या हातातल्या कागदावर तं मुळीच नाई.'

'मले माहीत हाय.'

तव्यावरच्या भाकरीला करपट वास येऊ लागला, तरी मायने ती उलटली नाही. मग तिने पीठ लागलेला हात लुगड्याला पुसला. 'माहा चालते का?'

'बापाचा पाह्यजे लिहिलं हाय.'

'मंग बापाचा समजा.'

तुम्ही फॉर्म उघडलात, मिटलात, पुन्हा उघडलात. मी चुलीच्या उजेडात तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला काय दिसत होतं ते आज कळतं. तुमच्या घराण्याने आमच्या घराशी जे केलं होतं, त्याच्याजवळ जाणारी गोष्ट तुम्ही करायला निघाला होता, एका पोरीला शाळेत घालण्यासाठी. शेवटी पिशवीतून शाईची डबी काढलीत. मायचा अंगठा मधोमध विळ्याने कापलेला होता. कागदावर तो उठला तेव्हा त्यात आडवी पांढरी रेघ आली. 'याचं नाव कुठी काढू नका,' माय म्हणाली, 'घर मोडते माहं.' तुम्ही म्हणालात, 'नाई काढत.'

महिन्याभराने वसतिगृहाचं पत्र आलं. वडिलांच्या संमतीने मुलीला प्रवेश दिला आहे, असं पोस्टमनने चार माणसांत वाचलं. बाबा म्हणाले, 'संमती? म्या कधी लावला अंगठा?' दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. बाजारात अर्ज लिहून देणारा गाठला आणि तक्रार धाडली. गावाला तर हेच हवं होतं. वस्तीतले म्हणत, रक्त बोललं. तुमचे भाऊबंद म्हणत, त्यांच्यात जाऊन बसत होती, भोग आता.

चौकशीला शाळाखात्याचे साहेब आले ती सकाळ मला आजही तशीच दिसते. शाळेच्या ओसरीत टेबल मांडलंय, त्यावर माझा फॉर्म. अंगणात दोन्ही बाजूंची माणसं, कधी नव्हे ती एका ठिकाणी. माय बायकांच्या मागे उभी आहे, पदर दातांत धरून, उजवी मूठ वळलेली. मी टेबलाच्या कोपऱ्याशी.

'हा अंगठा तुझा आहे?' साहेब बाबांना विचारतात.

'नाई, साहेब.'

'मग कोणाचा?'

'ह्यायलेच इचारा. ह्यायच्या घरात आंगठ्याचं काम लय जुनं हाय.'

अंगण हसतं. तुमचा चुलतभाऊही हसतो. साहेब माझ्याकडे वळतात. 'बाळ, तुझ्या घरी कोणी अंगठा लावला? तू पाहिलंस?' मी टेबलाची कड धरते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघता, मग बायकांच्या घोळक्याकडे, आणि तिथून चटकन नजर काढून घेता.

'पोरीला कशाला विचारता, साहेब? चूक माझी आहे.'

'म्हणजे अंगठा तुम्ही उठवला?'

'फॉर्म मी भरला. मी पाठवला. जबाबदारी माझी.'

तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी शब्दांवर जगलेली बाई आहे, तुमचं ते उत्तर मी हजारदा तपासलं आहे. अंगठा मी उठवला असं तुम्ही म्हणाला नाहीत. पण अंगणाने तेच ऐकलं. 'पाह्यलं?' बाबा गर्रकन लोकांकडे वळून म्हणाले. 'आज्याची नात!' त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो निवांतपणा आला, तो मी आधी कधी पाहिला नव्हता. आठ वर्षांचे असल्यापासून ते हे वाक्य कोणाला तरी ऐकवायला थांबले होते.

साहेबांना उन्हाच्या आत निघायचं होतं. त्यांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. 'पोरीची जागा आहे अजून. पाठवायची असेल तर हा तुझ्या हाताने कर. नाहीतर रद्द म्हणून कळवतो.'

बाबा म्हणाले, 'ह्यायची बदली करा. मंग लावतो.'

साहेब तुमच्याकडे बघतात. तुम्ही मान हलवता, हो. साहेब डबी उघडतात. बाबांचा डावा अंगठा शाईत बुडतो, वर येतो आणि कागदाच्या वर थांबतो, कारण साहेबांनी हात आडवा धरला आहे. ते पुन्हा मला विचारतात, आणि या वेळी आवाज मऊ आहे. 'बाळ, तुला काही सांगायचंय? आत्ता सांग. नंतर उपयोग नाही.'

मी मान हलवली. नाही. अंगठा खाली आला.

तुमची बदली देऊळघाटला झाली. तिथून बुलढाणा जवळ, म्हणून एका रविवारी तुम्ही वसतिगृहात मला भेटायला आलात, शेंगदाण्याचे लाडू घेऊन. मायची तब्येत विचारलीत, वही मागितलीत, दोन चुका काढल्यात. त्या सकाळबद्दल एक शब्द नाही. बाबा तुम्ही फसवलंत असंच समजून गेले. मायने कधी त्यांना सांगितलं नाही आणि मीही नाही. शेवटच्या आजारपणात माय मला एवढंच म्हणाली, 'तू लेकरू होती. भ्याली होती.' तेच मी नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, स्वतःलाही सांगत आले. तुमच्या निधनाची चार ओळींची बातमी माझ्याच टेबलावर आली होती. जागा कमी होती. मी ती तीन ओळींची केली.

आज सकाळी मी पुण्याच्या मुलाला फोन केला. म्हटलं, ती दगा देत नाही. गावात चौकशी होते, दोष तिच्यावर येतो, आणि खरं काय ते फक्त खेळणाऱ्याला माहीत आहे. त्याच्यापुढे दोन उत्तरं ठेवा. सांगतो, किंवा गप्प राहतो. गप्प राहिला तर ती गाव सोडून जाते आणि याला पुढची वाट मोकळी होते. मग तो म्हणाला, 'भारी आहे, मॅडम. पण एक सांगा, तिने एवढं केल्यावर कोणी गप्प का बसेल? कारण लिहावं लागेल.' मी म्हटलं, भीती. लिहा, तो आपल्या बापाला भितो. त्याला पटलं. ओळ शुक्रवारपर्यंत देते म्हणाले.

फोन ठेवल्यापासून ती ओळ मी लिहिते आहे आणि खोडते आहे. बाबांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, बाई. मायवरही नाही. मी खरं बोलले असते तर घरात चार दिवस चूल पेटली नसती, मायने बोलणी खाल्ली असती, आणि तुमची बदली टळली असती. शाईने भरलेला तो अंगठा कागदावर टेकला नसता, एवढंच. मी साहेबांकडे बघत नव्हते, बाबांकडे नाही, तुमच्याकडेही नाही. मी त्या कोऱ्या फॉर्मकडे बघत होते. दहा वर्षांची होते, पण हिशेब मला पक्का कळला होता.

मी भ्याले नव्हते, बाई. मले जायचं होतं.