आमेन म्हणायला कोणी नव्हतं

प्रिय चिमे,

तुझ्या आईच्या तोंडाला कुलूप लागलंय हे बाबांनी तुला फोनवर सांगितलंच असेल, आणि सांगताना त्यांना थोडा आनंद लपवता आला नसेल. डॉक्टरांनी बोलायला तर बंदी घातलीच, पण कुजबुजायचंही नाही म्हणाले, कारण कुजबुजताना म्हणे घशावर जास्तच ताण येतो. त्यामुळे बाबांना बोलवायचं तर मी ताटावर चमचा वाजवते. पहिल्या दिवशी ते दुरुस्तीला आलेलं घड्याळ तसंच टाकून दुकानातून धावत आले. आता हातातलं काम संपवून येतात. शेजारच्या काकूंना म्हणाले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझी वाक्यं पूर्ण होतायत. मला हसू आलं, पण मोठ्याने हसायचीही चोरी.

शुक्रवारी घशातली गाठ काढणार आहेत. ती कसली आहे आणि काढल्यावर आवाज किती उरेल, हे दोन्ही नंतरच कळेल. हे सांगताना डॉक्टर माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत होते, तेव्हाच मी काय ते समजले. चिमे, मी घाबरले आहे. तुझ्यापासून लपवून काय करू, माझं अक्षरच बघ कसं झालंय.

माझा आवाज म्हणजे काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? गायकवृंदाचा सराव चालू असताना तू पुढच्या बाकाखाली झोपायचीस. रविवारशाळा, भगिनी मंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, मयताच्या घरची प्रार्थना, सगळीकडे मी. पाळकसाहेब गावाला गेले तरी कोणाचं अडायचं नाही, कारण बाई आहेत ना. लोक म्हणायचे, बाईंची प्रार्थना पोचते. मी वरवर नको नको म्हणायचे आणि आतून फुगायचे. तू लहानपणी बाहुल्यांना रांगेत बसवून माझ्यासारखी प्रार्थना करायचीस आणि शेवटी एकेकीची मान दाबून तिला आमेन म्हणायला लावायचीस. मी आणि बाबा दाराआड उभे राहून पोट धरून हसायचो.

मागच्या आठवड्यात दुपारी मी किल्ली घेऊन एकटीच आपल्या ख्रिस्तमंदिरात गेले. घरात बसून बसून भीती वाढत होती. म्हटलं, बोलता येत नसलं तरी मनातल्या मनात प्रार्थना करायला कोणता डॉक्टर अडवणार आहे? इतक्या वर्षांत त्या मंदिरात मी रिकाम्या हाताने कधी बसलेच नव्हते, हे मला दार उघडल्यावर कळलं. सवयीने आधी गीतांची पुस्तकं सारखी केली. फुलदाणीतलं पाणी बदललं. एका खिडकीची कडी लागत नव्हती, तिच्याशी झटापट केली. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बसले.

डोळे मिटले आणि मनात माझी नेहमीची प्रार्थना सुरू झाली. करुणामय पित्या, आज आम्ही तुझी लेकरं तुझ्या चरणी एकत्र आलो आहोत. त्यानंतर आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, पाळकसाहेबांची गुडघेदुखी, छताचं काम, आणि सरतेशेवटी माझी गाठ. तीसुद्धा आमच्या एका भगिनीची गाठ म्हणून. सगळं ओघाने, अगदी आवाजाच्या चढउतारासकट. प्रार्थना संपवली आणि मी थांबले. कशासाठी थांबले ते लगेच कळलं नाही. मग कळलं. मी मागच्या बाकांवरून येणाऱ्या आमेनची वाट बघत होते. मागे कोणीच नव्हतं. आणि चिमे, पुढे कोणी आहे असंही मला वाटलं नाही.

माझी पाचावर धारण बसली. दवाखान्यात गाठ दाखवली तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. वर्षानुवर्षं मी इतक्या लोकांना त्याच्याकडे नेलं, त्यांची गाऱ्हाणी त्याच्या कानावर घातली, पण आम्ही दोघंच शेवटचे कधी बोललो होतो? आठवेना. ज्याच्या घरी रात्रंदिवस राबले, त्याला मी ओळखतही नसले तर? उद्या त्याच्यासमोर उभी राहिले आणि तो म्हणाला, बाई, तुम्ही कोण, तर मी काय सांगणार? गायकवृंदाची जबाबदारी माझ्याकडे होती असं? मी उठले आणि केरसुणी घेऊन अख्खं मंदिर झाडून काढलं. तेवढंच मला येत होतं.

घरी येऊन गॅसवर दूध ठेवलं आणि स्टुलावर बसले. प्रार्थना करायची असं काही मनात नव्हतं, उलट तिचा धसकाच घेतला होता. नुसतं मनात आलं, मला भीती वाटते रे. आणि ते कोणाला म्हटलं गेलं हे मला ठाऊक होतं. उजेड पडला नाही, बायबलमधलं वचन आठवलं नाही, भीतीही गेली नाही. पण उठावंसं वाटेना. आणखी थोडं सांगितलं. भूल देतात तेव्हा माणूस परत आलाच नाही तर काय, हे सांगितलं. लोक मला विसरतील याचीही भीती वाटते, हे सांगितलं, जे मी बाबांनाही सांगणार नाही. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी मी बसलेलीच. बाबांनी येऊन गॅस बंद केला आणि ओटा पुसला. तेव्हापासून रोज दुपारी त्याच स्टुलावर बसते. काही दिवस कोणीच नसतं. तरी बसते.

हे सगळं आजच लिहिण्याचं कारण म्हणजे तुझा कालचा फोन. तू बाबांना म्हणालीस की शुक्रवारी तू तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांना घेऊन येणार, दवाखान्यात माझ्या आवाजासाठी एकीनंतर एक अशी साखळी प्रार्थना लावणार, आणि मी बरी होईपर्यंत माझी कामंही आपल्या अंगावर घेणार. बाबांचा ऊर भरून आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुझ्यात मला मी दिसले, पोरी, पार बाहुल्यांपासूनची. मला आवाज हवा आहे, खोटं कशाला बोलू. पण तो आला तर पुढच्याच रविवारी मी माइक हातात घेईन आणि आत्ता कुठे सुरू झालेलं हे बोलणं तिथेच संपेल, या भीतीने मला झोप येत नाही. आवाज जाण्यापेक्षाही ही भीती मोठी आहे. म्हणून त्या बायकांना आणू नकोस. एकटी ये. माझा हात धर आणि मोठ्याने काही म्हणू नकोस. आणि माझ्यासाठी काही मागण्याआधी, चिमे, तुला स्वतःला कशाची भीती वाटते ते त्याला सांगून बघ. जमलं नाही तरी पळू नकोस. मी शेजारीच असेन, मलाही अजून नीट येत नाही.

तुझीच, सध्या मुकी,
आई