दिवस गेले

६ जानेवारी २०२५, सोमवार

आचलचं पोट आता दिसायला लागलं. पाचवा! लग्नाला अजून वर्ष नाही झालं पोरीच्या. माझ्या लग्नाला अकरा झाली. धाकट्या जावेच्या पोटाकडे पाहायचं नाही असं रोज ठरवते, आणि पोळ्या लाटताना नजर पहिली तिथंच जाते. सासूबाई तिला आवळ्याचा मुरब्बा देतात. मला फक्त विचारतात — "रिपोर्ट कवा येते?"

८ जानेवारी, बुधवार

वर्धेला जाऊन आलो. एएमएच शून्य पॉइंट तीन. म्हणजे अंडी संपत आलीत. दोनदा आयव्हीएफ केलं, दोन्ही वेळा हात हलवत परत. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, पण स्पष्ट बोलल्या — स्वतःच्या अंड्यांची आशा आता धरू नका, दुसऱ्या बाईची घ्यायची का ते दोघं मिळून ठरवा.

बाहेर येऊन गजेंद्रने घरी फोन लावला. एवढंच म्हणाला, "आई, दिवस गेले म्हणते डॉक्टर." वेळ निघून गेली, असं म्हणायचं होतं त्याला. पुढे बोलवेना, फोन ठेवून दिला.

सिंदीला घरी पोचलो तर सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या! माझ्यावरून ओवाळून टाकला. "अकरा वर्षानं दिवस गेले माया सपनाले." गजेंद्र तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याचा हात दाबला.

का दाबला? सासूबाईंच्या मागे आचल उभी होती, म्हणून.

९ जानेवारी

आज मुरब्बा मला. आचलने उठून मला खुर्ची दिली, स्वतः फरशीवर बसली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं! अकरा वर्षं मी उठतेय लोकांसाठी. दोन भाकरी खाल्ल्या, वर वांग्याची भाजी, जवसाची चटणी. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

गजेंद्र म्हणाला, "किती दिवस चालवशील हे?"

मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत राहू दे.

१० जानेवारी

गजेंद्र माझ्याशी बोलत नाही. दुकानातून जेवायलाही आला नाही.

११ जानेवारी, शनिवार

दुपारी सासूबाईंनी हिरवा खण आणून माझ्यासमोर ठेवला. "उद्या आचलची चोरओटी हाय. पाचव्यात गुपचूप भरतेत, कोणाले सांगत नाई. तुयी बी भरून टाकू. मोठी हायेस, पाटावर तूच पहिली बसजो."

तिच्याआधी मी! हेच तर हवं होतं मला. किती वर्षं दुसऱ्यांच्या ओट्या दारातून पाहिल्या, मला कुणी भरायलासुद्धा बोलावलं नाही. खण हातात घेतला. छान आहे. मग तो खाली ठेवला. रिकाम्या पोटावर तांदूळ-नारळ घेऊन बसायचं, तेही त्या पोरीच्या शेजारी? आणि महिनाभराने काय सांगायचं — पडलं म्हणून?

गजेंद्रला हे सांगितलं. तो म्हणाला, "मायी चूक हाय. मलेच नीट बोलता आलं नाई." आणि रडला. रिपोर्ट पाहून नव्हता रडला.

१२ जानेवारी, रविवार

पाट मांडायच्या आत आचलला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मले बुधवारीच समजलं होतं, ताई. स्पीकर लावून फोन माया हातात होता. आवाज तसा नव्हता त्यायचा. पण तुमी पोटभर जेवून राह्यल्या होत्या. म्हणून मी बोलली नाई."

सासूबाईंना दोघी मिळून सांगू, म्हणते ती.

चार महिने मी तिच्या पोटाचं वाईट चिंतत होते. ते मात्र मी तिला सांगितलं नाही.